आधीपासून घरात असलेली भीती

भयकथाकार स्टीफन किंग अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बँगर इथे एका लाँड्रीत कामाला होता, तेव्हा तिथे हॅरी नावाचा एक कामगार होता. हॅरीच्या दोन्ही हातांच्या जागी लोखंडी आकडे होते. चादरींना इस्त्री करणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावरच्या तुळया झाडताना तो खाली यंत्रात पडला होता. हा हॅरी कामाच्या मध्येच एक आकडा गरम पाण्याच्या नळाखाली धरी, दुसरा गार पाण्याच्या, आणि पाठमोऱ्या माणसाच्या मानेवर दोन्ही एकदम टेकवी. किंगने ‘ऑन रायटिंग’मध्ये हे सांगितलं आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून धुवायला येणाऱ्या कपड्यांच्या गाठोड्यांत अळ्या असत आणि कपडे यंत्रात भरताना त्या हातांवर चढू पाहत, हेही त्यात आहे.

याच लाँड्रीतून ‘द मँगलर’ ही कथा निघाली. १९७२ साली ती ‘कॅव्हेलियर’ या पुरुषांच्या मासिकात आली. इस्त्रीच्या यंत्रात सैतान शिरतो, यंत्र माणसं गिळायला लागतं आणि शेवटी जमिनीतून उखडून रस्त्यावर येतं. कथा वेगवान आहे, पण किंगच्या कथांच्या माझ्या यादीत ती बरीच खाली आहे. मानेवर एकाच वेळी टेकलेल्या त्या गरम आणि गार लोखंडापुढे रस्त्यावरून चालणारं यंत्र मला फिकं वाटतं. हॅरी कामावर येत होता, पगार घेत होता, थट्टा करत होता. अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

किंगच्या कथांची उतरंड लावताना माझी कसोटी इथेच ठरली. कथेतलं भूत, राक्षस, सैतान काढून घेतला तर काय उरतं? घरात आधीपासून असलेली, कुणी बोलून न दाखवलेली भीती उरत असेल तर ती कथा वर जाते. मागे काहीच उरत नसेल तर ती कितीही घाबरवो, खाली राहते.

‘नाइट शिफ्ट’ हा त्याचा पहिला कथासंग्रह १९७८ चा. वीस कथा, आणि त्यांतल्या बऱ्याचशा ‘कॅव्हेलियर’सारख्या मासिकांसाठी लिहिलेल्या. किंग त्या काळात शाळेत शिकवायचा, ट्रेलरमध्ये राहायचा, घरात दोन लहान मुलं होती. मुलीचा कान दुखत होता, औषधाला पैसे नव्हते आणि टपालात पाचशे डॉलरचा चेक येऊन पडला होता. तो ‘समटाइम्स दे कम बॅक’ या कथेचा. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या औषधासाठी ज्याने रात्री बसून कथा लिहिल्या, त्याच्या कथांत आजारी मुलं, हतबल बाप आणि थकलेल्या आया वारंवार येणारच. भुतं नंतर येतात.

‘द बूगीमॅन’ घ्या. लेस्टर बिलिंग्ज नावाचा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे येतो आणि आपली तीन मुलं एकामागून एक कशी मेली ते सांगतो. प्रत्येक वेळी खोलीतल्या कपाटाचं दार किंचित उघडं होतं. कपाटातून येणारं ते काहीतरी भयानक आहेच, पण माझ्या मनात रुतून बसली आहे ती बिलिंग्जने मधेच दिलेली कबुली. आपल्यामागे काहीतरी लागलंय हे कळल्यावर त्याने आपल्यापाशी झोपणाऱ्या तान्ह्या मुलाला दुसऱ्या खोलीत हलवलं. ते दुबळ्या जिवाकडे आधी जाईल, हे त्याला ठाऊक होतं. ही तीन-चार वाक्यं किंग कसलाही आवाज न चढवता लिहून जातो. कथेचा शेवट मला जरा नाटकी वाटतो, म्हणून तिला पाचवं स्थान. ही कबुली नसती तर ती पहिल्या दहातही आली नसती.

‘द जाँट’ चौथी. ही कथा १९८१ ची, पुढे १९८५ च्या ‘स्केलेटन क्रू’ संग्रहात आली. माणसाला एका क्षणात पृथ्वीवरून मंगळावर पोचवणारं तंत्र. अट एकच, जाताना बेशुद्ध असायला हवं. निघण्याआधी मुलांचं मन रमवावं म्हणून बाप त्यांना या शोधाचा इतिहास सांगतो, आणि धाकट्यांना घाबरवू नये म्हणून त्यातले वाईट भाग गाळत जातो. गाळलेलं वाचकाला कळतं, मुलांना कळत नाही. मुलगा मात्र चौकस आहे. तो औषध हुंगताना श्वास रोखून धरतो. शरीराला लागणारा क्षण मनाला किती लांबतो, ते पलीकडे पोचलेल्या मुलाच्या पांढऱ्या केसांवरून कळतं. सगळी विज्ञानकथा बाजूला सारली तरी एक बाप उरतो. मुलांशी तो प्रेमाने बोलत होता आणि नेमकं सांगायचं तेवढंच त्याने सांगितलं नव्हतं.

बक्षिसं मिळवलेली ‘द मॅन इन द ब्लॅक सूट’ मी इथे घेतली नाही. ती १९९४ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली आणि तिला ओ. हेन्री पुरस्काराचा पहिला मान मिळाला. किंगला स्वतःला ती विशेष वाटली नव्हती. ओढ्याकाठी मासे धरायला गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला काळ्या सुटातला माणूस भेटतो आणि तुझी आई मेली असं सांगतो, तेवढा प्रसंग अप्रतिम आहे. पुढचा पाठलाग मी कधी वाचतो, कधी सोडतो. निर्जन बेटावर अडकून स्वतःचंच मांस खाणाऱ्या डॉक्टरची ‘सर्व्हायव्हर टाइप’ही बऱ्याच जणांची आवडती. तिची कारागिरी मला मान्य आहे. पुन्हा वाचावीशी मात्र वाटत नाही.

तिसरी ‘ग्रॅमा’, आणि इथे आपल्या घरचा संबंध येतो. जॉर्ज नावाचा लहान मुलगा. थोरल्या भावाचा बेसबॉल खेळताना पाय मोडला म्हणून आईला हॉस्पिटलात जावं लागतं, आणि अंथरुणाला खिळलेल्या, अवाढव्य, आंधळ्या आजीपाशी तो घरात एकटा उरतो. लहानपणी या आजीने त्याला जवळ घ्यायला हात पसरले होते, तेव्हा तो रडत मागे सरला होता. आता शेजारच्या खोलीतून तिच्या श्वासाचा आवाज येतो आहे, आणि मग येईनासा होतो. जॉर्ज आत जातो. आजी गेली की नाही हे बघायला तिच्या नाकाशी आरसा धरतो. एवढं करताना किंग आपल्याला किती वेळ त्या खोलीच्या दारात उभं करतो! पाणी उकळतंय, बाहेर अंधारून येतंय, आई अजून आलेली नाही, आणि आई येईपर्यंत हे कामही आपल्यालाच निस्तरायचं आहे. किंगची आई डरहॅम गावी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांची शुश्रूषा करत होती; किंग त्याच घरात वाढला. आजारी म्हाताऱ्याच्या खोलीचा वास, त्या खोलीत जायला वाटणारी भीती आणि भीती वाटल्याची शरम त्याला कुणी शिकवावी लागली नाही.

नारायण धारपांनी हीच कथा मराठीत ‘आजी’ म्हणून आणली. धारप किंगचे जाणते वाचक होते. ‘लुचाई’, ‘शपथ’ या कादंबऱ्यांमागे किंगच्याच कादंबऱ्या आहेत हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी किशोरवयात नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ‘आजी’ ऐकली. त्यातून पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट झाला. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं, पण सुरुवातीचा भाग ‘ग्रॅमा’ वाचलेल्या माणसाला लगेच ओळखू येतो. झाडावरून पडलेल्या धाकट्याला घेऊन आई बाहेर जाते आणि विनायक वाड्यात त्या म्हातारीपाशी एकटा राहतो. तिला निजवायला हस्तरचं नाव घ्यायचं. मेनमधल्या त्या घरातही हस्तूर हे नाव आहेच. हे नाव त्याहूनही जुनं: अँब्रोज बिअर्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा देव केला, आणि तो तिथे प्रेमळ होता. पुढे चेंबर्स, लव्हक्राफ्ट, डर्लेथ या लेखकांच्या हातांतून जाताना तो भेसूर होत गेला. एका अमेरिकन लेखकाने रचलेला मेंढपाळांचा देव कोकणातल्या पावसात, वाड्याच्या गर्भात सोनं राखत बसला, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. तो घडला कारण घरात एकट्या राहिलेल्या मुलाची आणि आतल्या खोलीतल्या म्हातारीची गोष्ट मेनमध्ये जेवढी खरी, तेवढीच आपल्या चौसोपी घरांत. आपल्याकडे अशी माजघराशेजारची खोली पुष्कळांनी पाहिलेली आहे.

किंगची आणखी एक कथा आपल्याकडे आली. सिगारेट सोडवणाऱ्या कंपनीची ‘क्विटर्स, इन्क.’ अनुराग कश्यपच्या २००७ च्या ‘नो स्मोकिंग’मागे आहे. कथा चतुर आहे, तेवढीच.

वरच्या दोन जागांबद्दल मी बराच काळ घुटमळलो. ‘द लास्ट रंग ऑन द लॅडर’मध्ये भूत नाही, सैतान नाही, रक्तही नाही. नेब्रास्कातल्या शेतावरचं एक कोठार. आत एक उंच, जुनी, मोडकळीला आलेली शिडी. आईवडील घरी नसताना लॅरी आणि त्याची धाकटी बहीण किटी वर चढून तुळईवरून खालच्या गवतात उड्या मारतात. खेळ मना केलेला. एका फेरीत शिडी तुटते आणि किटी शेवटच्या पायरीला लोंबकळत राहते. लॅरी खाली उभा. तो धावत धावत गवताचे भारे आणून तिच्याखाली रचतो, पुन्हा धावतो, पुन्हा रचतो, आणि मग तिला सांगतो, सोड. ती हात सोडते. पायाच्या घोट्यावर निभावतं. नंतर तिच्याशी बोलताना त्याला कळतं की तिने खाली बघितलंच नव्हतं. गवत होतं की नव्हतं तिला माहीत नव्हतं. दादा खाली आहे, एवढं माहीत होतं.

मग वर्षं जातात. लॅरी मोठा वकील होतो, घरं बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये किटीचं आयुष्य घसरत जातं. तिने त्याला पत्र लिहिलेलं असतं. त्याने नवा पत्ता कळवायचा राहून गेलेला असतो. ते पत्र पत्ते शोधत त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा एका उंच इमारतीवरून तिने उडी मारल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आलेली आहे. या कथेतलं भय कपाटात नाही, यंत्रात नाही. ते न पाठवलेल्या एका कार्डात आहे. बहिणीला भाऊबीजेला फोन करायचा राहून गेलेल्या कुणालाही ती सोसत नाही. किंगने आयुष्यभरात जेवढे राक्षस उभे केले, त्यांतला एकही या विसरण्याइतका माझ्या मागे लागलेला नाही.

तरी तिला दुसरी ठेवतो, कारण ‘द रीच’ आहे.

ही कथा १९८१ साली ‘यँकी’ मासिकात ‘डू द डेड सिंग?’ या नावाने आली, १९८२ चा वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार तिला मिळाला आणि ‘स्केलेटन क्रू’ तिच्यावर संपतो. कोस्ट गार्डमध्ये असलेल्या मेहुण्याने किंगला एका बाईची हकिकत सांगितली होती. बेटावर जन्मली, बेटावरच म्हातारी झाली, समोरच्या किनाऱ्यावर कधी गेलीच नाही. त्यातून स्टेला फ्लँडर्स आली. वय पंच्याण्णव, घर गोट आयलंडवर. पलीकडे मुख्य भूमी दिसते, मधे खाडी, तिला बेटावरचे लोक ‘रीच’ म्हणतात. तू कधीच पलीकडे का नाही गेलीस, असं परतवंडं विचारतात. गरज पडली नाही, असं ती सांगते. पोटात दुखणं आहे, ते तिने मुलाला सांगितलेलं नाही. मग एक दिवस मेलेला नवरा स्वयंपाकघरात दिसतो. पुन्हा दिसतो. पलीकडे ये म्हणतो.

खाडी गोठलेली. हिमवादळात स्टेला एकटी बर्फावरून चालायला लागते. गेलेली माणसं एकेक करून तिच्याभोवती जमतात: नवरा, मैत्रिणी, बेटावरचे सगळे. नवरा आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. ते तिच्याभोवती कडं करतात आणि गातात. ती पलीकडच्या किनाऱ्यावर सापडते, बसलेली, गोठलेली. डोक्यावर बापाची टोपी आहे हे मुलगा ओळखतो, आणि कुणाला काही सांगत नाही.

माझी कसोटी इथे उलटते. या कथेतली भुतं काढून टाकली तर एक म्हातारी हिमवादळात एकटी मरते, एवढंच उरतं. भुतं आली म्हणून ती एकटी मेली नाही. बेटावरची माणसं आयुष्यभर एकमेकांकडे लक्ष ठेवून जगली. मधल्या पानांत स्टेला परतवंडांना तेच सांगत असते, कुणाच्या संकटात कोण धावलं, कुणाचं पाप सगळ्यांनी मिळून कसं झाकलं. मेल्यावर त्यांनी ही सवय सोडली नाही, एवढाच चमत्कार. पितृपक्षात गेलेल्यांसाठी पान वाढणाऱ्या घरातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही.

‘द वुमन इन द रूम’ मी यादीबाहेर ठेवली आहे. किंगची आई १९७३ च्या डिसेंबरात कर्करोगाने गेली. ‘कॅरी’ ही त्याची कादंबरी छापील रूपात बघायला ती राहिली नाही. या कथेत मुलगा आईच्या खाटेशी बसून तिच्या वेदना संपवायच्या गोळ्यांचा विचार करतो. अशा कथेला क्रमांक देणं माझ्याच्याने होत नाही. फ्रँक डॅराबाँटने तरुणपणी तिच्यावर लघुपट केला आणि पुढे किंगच्याच कथेवर ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ केला.

कुणाला किंग नव्याने वाचायचा असेल तर त्याने कादंबऱ्यांच्या जाड गठ्ठ्यांकडे आधी जाऊ नये. ‘नाइट शिफ्ट’ आणि ‘स्केलेटन क्रू’ ही दोनच पुस्तकं मिळवावीत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती अजून सापडतात. ‘द रीच’ सगळ्यांत शेवटी ठेवा. आणि ‘ग्रॅमा’ वाचून झाली की धारपांची ‘आजी’ शोधून त्याच रात्री वाचा.