कवडी

गाय गेली तर शेजारीपाजारी येऊन बसतात. कुत्रा गेला तरी दोन शब्द बोलतात. कोंबडी म्हातारी होऊन मेली म्हटलं, की लोक विचारतात, "मग वेळेत कापली का नाही?" "मांस चिवट झालं होतं," असं सांगितलं की त्यांना पटतं. मीही तेच सांगून मोकळा होतो.

कुडाळजवळच्या आमच्या घरी कोंबड्या कायमच्या, पण त्यांना नावं नसत. पाहुणा आला की कुणाची तरी पाळी. नाव ठेवून निभावणार कसं? ठिपकेदार पिसांवरून हिचं 'कवडी' ठेवलं ते आजीने, हयातभर स्वतः कोंबड्या साफ करणाऱ्या बाईने.

तलंग असल्यापासून कवडी भांडकुदळ. खुडूक झाली की अंडी काढून घेतली तरी करवंटीवर बसून राही. एकदा आजीने तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८. वरचा आठवडाही कवडीने निमूट काढला. पुढे ती पिल्लं व्हाळात उतरली, तेव्हा काठावरून तिने जो आकांत मांडला, तो ऐकून वाडीतली माणसं धावत आली.

२००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. नंदुरबार जिल्हा कुठे, आम्ही कुठे! तरी मुंबईहून काकाचा फोन आला, सगळ्या मारून पुरून टाका. आजीने फोन ठेवला आणि कवडीला पडवीत डालग्याखाली झाकलं. धास्तीने कोंबडी कुणी खाईना. तेवढे दिवस आमच्या खुराड्यात कुणाचीच पाळी आली नाही.

अंडी थांबल्यावर, एका पहाटे, कवडी चक्क आरवली. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. ते थकलं की क्वचित असं होतं, हे मी नंतर वाचलं. वाडीत मात्र आरवणारी कोंबडी अशुभ. मान पिरगळायचे सल्ले आले. आजी म्हणाली, "जन्मभर ऐकल्यान, आता बोलांदे तिका."

आरवणं पुढेही अधूनमधून चालू राहिलं. त्या पावसाळ्यात ती गेली. माडाच्या मुळात पुरायची जागा आजीनेच दाखवली. खत होईल म्हणाली. महिनाभराने पाहुणे आले, वडे-कोंबडी झाली, आणि आजी नेहमीसारखीच पोटभर जेवली.