छोटा पण चकचकीत?

धूमकेतू पाहिलाय कधी? मी पाहिला तो १९९७ साली, आमच्या चामोर्शीला. गुढीपाडव्याचे दिवस. अमावास्येमुळे आकाश काळंभोर. दिवस मावळला की वायव्येला हेल-बॉप दिसायचा, दुर्बीणसुद्धा लागत नसे!

मी तेव्हा सातवीत. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्याचं चित्र काढत होतो. आपल्याला दिसतं ते डोकं म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. धूमकेतूचा गाभा त्या ढगात दडलेला असतो, एवढं वाचलं होतं. गाभ्यात बर्फ असतो, म्हणून मी तो पांढराशुभ्र ठेवला आणि खाली लिहिलं, ‘छोटा पण चकचकीत’.

बाबा बल्लारपूरकडे कोळशाच्या भुयारी खाणीत कामाला होते. सुटीत घरी यायचे. शाळेत मात्र मी ‘ऑफिसात आहेत’ असं सांगायचो. (का, ते विचारू नका.) त्यांनी चित्र पाहिलं. काही न बोलता शेगडीच्या पोत्यातून लिंबाएवढा कोळसा काढला आणि अंगणाच्या टोकाला ठेवला, शेजारी खडूचा इवलासा तुकडा.

“मार आता बॅटरी.”

खडू लख्ख दिसला. कोळसा दिसेचना!

“खानीत असंच रायते. दिवा मारला तरी भिंत दिसत नाही, जवळ गेल्यावर समजते.”

हॅलेच्या धूमकेतूनं शास्त्रज्ञांनाही असंच चकवलं होतं, बरं का! मार्च १९८६ मध्ये ‘जिओत्तो’ हे यान त्याच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. गाभा निघाला १५ किलोमीटर लांब, अपेक्षेपेक्षा मोठा आणि कोळशासारखा काळा. अंगावर पडलेल्या १०० भाग उजेडातले जेमतेम ४ भाग तो परत पाठवतो. आता हिशेब करा. पूर्ण पांढऱ्या गोळ्याएवढा उजेड द्यायला अशा काळ्या गोळ्याचं क्षेत्रफळ २५ पट हवं, म्हणजे व्यास ५ पट! म्हणून शास्त्रज्ञ आधी ढगाचा उजेड वजा करतात आणि गाभ्याची उष्णताही मोजतात. काळी वस्तू उन्हात जास्त तापते ना! हेल-बॉपचा गाभा सुमारे ६० किलोमीटरचा असावा, असा अंदाज पुढे निघाला. आणि मी म्हणे ‘छोटा’!

चित्रातला गाभा मी त्याच कोळशानं रंगवला. शाळेत बाईंनी बोट फिरवून विचारलं, “हा रंग कुठला रे?”

“माझ्या बाबांच्या खाणीतला,” मी म्हणालो.