नंबर लागला का?

डोंबिवलीकराला रांग शिकवावी लागत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग, तिकीट खिडकीची रांग, गणपतीत मिठाईच्या दुकानाची रांग... पुढच्याची पाठ दिसली की आपण आपोआप तिच्या मागे उभे! त्यामुळे 12 जानेवारी 2021 ला दुपारी बारा वाजता प्लेस्टेशन 5 चं भारतातलं प्री-बुकिंग सुरू होणार म्हटल्यावर मी धाकट्या भावाला ऐटीत सांगितलं, "मी लावते नंबर. तू बघच."

माझा लॅपटॉप, माझा मोबाइल, आईचा मोबाइल. कार्डाचा नंबर तोंडपाठ. बारा वाजले, स्क्रीनवर गोल फिरत राहिलं आणि काही मिनिटांत 'आउट ऑफ स्टॉक'. ही कसली रांग यार? ना पुढच्याची पाठ, ना कुणाशी भांडायची सोय!

भाऊ काहीच बोलला नाही. तेच जास्त लागलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्याची हॉटेलमधली नोकरी गेली होती. त्याआधी त्याने साठवलेले पन्नास हजार याच खोक्यासाठी होते (किंमत 49,990, म्हणजे वर दहा रुपये शिल्लक!). पण माझी फ्रीलान्सची बिलं अडकली आणि दिवाळीच्या सुमारास घराचे हप्ते त्याच्या पैशांतून गेले. फेब्रुवारीत मी पैसे परत केले. पण खोका कुठून आणणार?

बाबांना मात्र या सगळ्याची गंमत वाटत होती. आजोबांनी बजाज चेतक बुक केली तेव्हा नंबर लागायला वर्षं गेली. बुक केली आजोबांनी, चालवली बाबांनी. थांबायची तयारी नसलेल्याला तेव्हाही जास्त पैसे मोजून ब्लॅकमध्ये स्कूटर मिळायचीच. तेव्हा सरकार कारखान्यांना परवान्यापेक्षा जास्त बनवू देत नव्हतं. आता तैवानमधून येणाऱ्या चिप पुरत नव्हत्या, कारण घरी बसलेल्या अख्ख्या जगाला एकदमच लॅपटॉप हवे होते. "कारण बदललं, ब्लॅक तेच," बाबा म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी ठाण्यातल्या एका दुकानाकडून कळलं, कॅन्सल झालेल्या बुकिंगचे काही पीस आहेत, आधी येईल त्याला. दुकान उघडणार अकराला. आता आठवा, 1 फेब्रुवारीपासून लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली होती, पण सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे अकराच्या दुकानासाठी मी सव्वासहाची गाडी पकडली आणि सातच्या आत नौपाड्यात बंद शटरसमोर हजर! माझ्या पुढे तिघंच. दोन कॉलेजवाले आणि एक पन्नाशीच्या काकू. कल्याणहून आल्या होत्या, मुलासाठी.

"ते पांढरं, राउटरसारखं दिसतं तेच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. अगदी बरोबर वर्णन होतं.

साडेआठला त्या म्हणाल्या, "बाळा, माझी जागा धर हं. बहीण इथे जवळच राहते, जरा जाऊन येते." ठाण्यात अनोळखी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाईला चार तास काढायचे असतील तर दुसरं काय करणार? मी म्हटलं, जा.

साडेनऊ. दहा. मागचा मुलगा म्हणाला, "त्या गेल्या. तुम्ही पुढे सरका ना." मी सरकले नाही. उगाच मोठेपणा नाही हं. रिक्षाच्या रांगेत जागा धरायला सांगून मी स्वतः शंभर वेळा कोथिंबीर घ्यायला गेले आहे. पाऊण वाजून... छे, पावणेअकरा वाजून गेल्यावर काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. शटर वर गेलं. आतून आवाज आला, "तीनच पीस आहेत, आणि जास्तीचा कंट्रोलर घ्यावा लागेल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू घेतेस का?" मी म्हटलं, नको, तुमचा नंबर आहे. त्यांनी मनापासून विचारलं होतं की नाही, ते तपासायला मी गेले नाही.

घरी स्फोट झाला. "ताई, तुला कुणी सांगितलं होतं जागा धरायला?" दोन दिवस अबोला. मीही मनातल्या मनात त्या काकूंना काय काय बोलले, ते छापता येणार नाही.

एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला. कपाटातले ते पन्नास हजार पहिल्याच रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर गेले. बेडसाठीही नंबर होता, आणि तिथे कुणाची पाठ बघवत नव्हती. बाबा तेरा दिवसांनी घरी आले. एकदा मी भावाला म्हणून बसले, बरं झालं ना तेव्हा नाही मिळालं? तो शांतपणे म्हणाला, "असं नको म्हणूस. पैसे कुठूनही आणले असते. मला तो हवाच होता." त्यानंतर मी ते वाक्य पुन्हा काढलं नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये किंमत वाढून 54,990 झाली. पुढच्या वर्षी भावाने नव्या नोकरीच्या पगारातून तो घेतला, ठाण्यातूनच. दुकानात खोक्यांची चळत होती, गिऱ्हाईक आम्ही दोघंच. तो भलामोठा खोका लोकलमधून सांभाळत डोंबिवलीला उतरलो. रिक्षाच्या रांगेत मागच्या आजोबांनी खोक्यावर बोट ठेवून विचारलं, "मायक्रोवेव्ह का?"

"हो," भाऊ म्हणाला. आमच्या पुढे सतरा जण होते.