बदली

कॉलेजच्या प्रवेशअर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. मी तिथे 'नोकरी' असे लिहिले. ते खरे होते आणि नव्हतेही. माझे बाबा एका कंटेनर यार्डात बदलीवर आहेत. कायम कामगार आला नाही, की पहाटे मुकादमाचा फोन येतो आणि बाबा सायकल काढतात. फोन आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी नाही. मात्र आंघोळ करून, डबा भरून साडेपाचला तयार मात्र रोज राहायचे. "बोलावला त जायाचा, नाय त घरी बसायचा," असे ते म्हणतात.

आमचे घर उरण तालुक्यात. गच्चीवरून बोकडविऱ्याच्या वायू विद्युत केंद्राची धुरांडी दिसतात. लहानपणी मला वाटे, हा कारखाना बंदच आहे. कारण धूर कधी दिसत नसे. पुढे कळले, की तिथे कोळसा नाही, समुद्रातला वायू जळतो. १९८२ मध्ये तिथे पहिले संच सुरू झाले. पुढे जनित्रांतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवरच पाणी उकळून, त्या वाफेवर आणखी वीज काढण्याची सोय झाली. एकाच इंधनावर दोनदा वीज! काटकसर आमच्या आईच्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी. केंद्राची एकूण क्षमता ६७२ मेगावॉट. पण पुरेसा वायू मिळत नसल्याने गेली कित्येक वर्षे ते त्याहून बरेच कमी चालते.

हा विषय डोक्यात शिरला तो अर्थशास्त्राच्या तासाला. वीज गोदामात पोत्यांसारखी रचून ठेवता येत नाही. (आता मोठ्या बॅटऱ्या येत आहेत, पण देशाच्या गरजेपुढे त्या अजून लहान आहेत.) ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. सोलापूर-रायचूर वाहिनी जोडली गेली त्या ३१ डिसेंबर २०१३ पासून सारा देश एकाच जाळ्यात आहे आणि त्या जाळ्याची नाडी सेकंदाला ५० च्या आसपास राहावी लागते. मागणी वाढली की ती मंदावते, घटली की चढते. कोळशाचे केंद्र हा या घरातला कायम कामगार. थंड पडलेला त्याचा बाष्पक पुन्हा तापवायला कित्येक तास जातात. वायूचे जनित्र हे विमानाच्या इंजिनाचे भावंड. साधे असेल तर अर्ध्या तासाच्या आत कामाला लागते. दिवसा सौर वीज भरपूर असते, सूर्य मावळला की ती जाते, आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. अशा वेळी चटकन हजर होणारा कोणीतरी लागतो. म्हणजे बदलीच की!

५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता सगळ्यांनी ९ मिनिटे दिवे घालवले, ते आठवत असेल. आम्ही मुले गच्चीवर पणत्या घेऊन उभी होतो. त्या वेळी देशाची मागणी ३१,०८९ मेगावॉटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली, तरी जाळे कोसळले नाही. मला वाटले होते, यात वायूचा मोठा वाटा असेल. आकडे पाहिले तर जलविद्युत केंद्रांनी १७,५४३ मेगावॉट उतरवले आणि वायूच्या केंद्रांनी १,९५१. थोडा हिरमुसलोच.

कारण उघड आहे. वायूवर चालणारी क्षमता देशात २० हजार मेगावॉटच्या आसपास आहे. पण शंभर युनिटांत वायूची वीज दोनच्या आसपास. देशातला वायू आधी घरगुती चुलीला आणि रिक्षांना जातो, आणि जहाजाने आणलेला महाग पडतो. मग उन्हाळा आला की आठवण होते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने १ मे ते ३० जून या केंद्रांना चालू राहण्याचा आदेश दिला. त्याच ३० मे रोजी देशाची मागणी २ लाख ५० हजार मेगावॉटवर गेली.

सरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मनातून जाईना. केंद्राला पैसे दोन प्रकारे मिळतात. जेवढी वीज काढली तिचे इंधनाचे, आणि 'मी तयार आहे' एवढ्यासाठी स्थिर आकार. न घेतलेल्या विजेचे पैसे का द्यायचे, यावरून दाभोळच्या वेळी महाराष्ट्रात केवढे रान उठले होते, हे मी वाचनालयातल्या जुन्या अंकांत वाचले. तिथला करार महागात पडला हे खरे. पण तयारीला मोल असते, हे तत्त्व मला चुकीचे वाटत नाही. कोणीच तयार राहिले नाही, तर संध्याकाळी सातला काय करायचे?

त्या रात्री जेवताना बाबांना हे सांगितले. ते चिडतील, निदान हसतील, अशी माझी कल्पना होती.

"म्हंजे मशीन चालली नाय तरी पगार?"

"तयार असली तर."

"आन बिघरलेली असली त?"

"मग नाही."

"त बराबर हाय," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

त्यांना ते इतके सहज पटले, याचेच मला वाईट वाटले. गेल्या महिन्यात त्यांना अकरा दिवस काम मिळाले होते. उरलेल्या दिवसांचा डबा दुपारी घरीच उघडला गेला, तो आम्हीच खाल्ला. मी काही बोललो नाही. आईने ताटे उचलली. बाबांनी फोन चार्जिंगला लावला, आवाज मोठा आहे ना ते पाहिले आणि उशाशी ठेवून ते झोपले.