भेगेचें निदान

वैद्यकांत औषधापूर्वीं निदान करावें लागतें, हें सर्वांस मान्य आहे. ‘माधवनिदान’ हा एक सबंध ग्रंथच त्या विषयाला वाहिलेला आहे. परंतु घराच्या भिंतीस भेग पडली, कीं आपण निदानाच्या खटपटींत न पडतां थेट लेपाकडे वळतों. गवंड्यास बोलवावें, सिमेंटनें भेग बुजवावी, वर रंगाचा हात फिरवावा आणि दृष्टीआड झालेली भेग नाहींशी झाली असें मानावें, ही बहुतेक घरांतील रीत. भेग हें लक्षण आहे. रोग बहुधा पायाखालीं असतो, एवढेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमचें घर काळ्या जमिनीवर आहे. २००१ सालीं तें बांधलें, तेव्हां माझ्या शिलकीस आमच्या कुटुंबाच्या पाटल्यांची जोड द्यावी लागली. त्या पाटल्या पुन्हां झाल्या नाहींत. त्यामुळें कोपऱ्यावरच्या खोलींत खिडकीपासून छताकडे तिरपी भेग दिसूं लागली, तेव्हां ती केवळ रंगाऱ्याची बाब म्हणून सोडून देणें आम्हां उभयतांस जमेना. एका ठेकेदारानें ती दोनदां बुजविली. दोन्ही वेळां ती वर्षाच्या आंत पुन्हां उमटली. तिसऱ्या खेपेस त्यानें ती सगळी बाजूच पाडून बांधण्याचा सल्ला दिला. त्यानें सांगितलेला आंकडा माझ्या दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता.

निदानाचा पहिला धागा कुटुंबाच्या हातीं लागला. ती म्हणाली, “अहो, वैशाखांत हिच्यांत रुपयाची कड जाते आणि भाद्रपदांत नखही शिरत नाहीं. भिंत का श्वास घेते?” भिंत नव्हे, पण माती खरोखरच फुगते व आक्रसते. दख्खनच्या काळ्या मातींत मॉन्टमोरिलोनाइट या जातीचें खनिज पुष्कळ असतें. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, आणि पाणी गेलें कीं ती आटते. उन्हाळ्यांत शेताला पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. उथळ पायाचें घर त्याच मातीवर बसलेलें असतें. सबंध घर सारखेंच वरखालीं झालें तर फारसें बिघडत नाहीं. एकच कोपरा हालला, म्हणजे विटांची भिंत तो ताण सोसूं शकत नाहीं व फाटते.

आपल्या पूर्वजांनीं घराआधीं जमिनीस प्रश्न विचारण्याचा क्रम पाळला होता. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें ‘बृहत्संहितें’त एक परीक्षा सांगितली आहे: हातभर खड्डा खणून त्याच मातीनें तो पुन्हां भरावा, माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरला तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. आजचा इंजिनियर एवढ्यावर विसंबणार नाहीं, तो माती प्रयोगशाळेंत पाठवील. परंतु प्रश्न विचारण्याचा क्रम तोच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी या विद्येंत जाणता आहे. त्यानें भेगेवर आडवी कांचेची पट्टी ठेवून तिचीं दोन्ही टोकें प्लॅस्टरनें पक्कीं केलीं. भेग चालती असेल तर कांच तडकते. मार्गशीर्षांत लावलेली पट्टी फाल्गुनांत तडकली. मग त्यानें कोपऱ्याशीं खड्डा घेतला. पाया जेमतेम ३ फूट खोल, काळ्या मातींतच थांबलेला. घट्ट मुरूम ७ फुटांवर. गच्चीची पन्हळ नेमकी तेथेंच पडत होती आणि आठ फुटांवर लिंबाचें झाड होतें. पावसाळ्यांत पन्हळ त्या कोपऱ्यास पाणी पाजी, उन्हाळ्यांत लिंब तें शोषून घेई. झाड तोडूं का, असें मीं विचारलें. तो म्हणाला, “नको सर. मुळांनीं कोरडी ठेवलेली माती मग पाणी पिऊन फुगेल आणि तोच कोपरा वर उचलेल. फांद्या छाटूं, आणि मुळें व पाया यांमध्यें आडभिंत घालूं.”

पन्हळीचें पाणी नळानें दूर नेलें, घराभोंवतीं बाहेर उतार असलेली फरशी केली. नंतर कोपऱ्याखालीं मुरमापर्यंत नवा पाया घातला. तोही एकदम नव्हे. एका वेळीं सुमारें १ मीटर लांबीचाच भाग खणावयाचा, शेजारचा सोडून पुढचा घ्यावयाचा, म्हणजे भिंत कधींच अधांतरीं राहत नाहीं. नवें काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याच्या व जुन्या पायाच्या मध्यें राखलेल्या फटींत जेमतेम ओला मसाला ठासून भरला. गवंडी काँक्रीटमध्यें पाणी सढळ हातानें ओतूं पाहत होता, कारण तें ओतावयास सोपें जातें. पण जास्तीचें पाणी वाळून गेलें कीं मागें सूक्ष्म छिद्रें राहतात व बळ घटतें. म्हणून ५० किलोच्या पोत्यामागें रेतींतील ओलावा धरून २७ लिटरांवर पाणी जाऊं दिलें नाहीं. नंतर मात्र दहा दिवस काँक्रीट ओलें ठेवलें. मिसळतांना बेतानें आणि थापल्यावर उदारपणें, हा पाण्याचा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सर्व खर्च पाडून बांधण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला. दुसरी कांच दोन उन्हाळे अभंग राहिली, तेव्हां कुठें भेग बुजविली.

प्रत्येक भेगेचें मूळ हेंच असतें असें नाहीं. प्लॅस्टरपुरती केंसासारखी रेघ बहुधा निरुपद्रवी असते. स्लॅबमध्यें सळईच्या रेषेनें भेग जाऊन तांबूस डाग दिसला, तर आंतलें लोखंड गंजून फुगत आहे असें समजावें. त्याची चिकित्सा निराळी. म्हणून वाचकांनीं थापी उचलण्यापूर्वीं पेन्सिल उचलावी. भेगेच्या टोकाशीं तारीख लिहावी, रुंदी टिपावी, आणि वैशाखांत व भाद्रपदांत पुन्हां पाहावें. जाणत्यास बोलवाल तेव्हां ती नोंद त्याच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असेल.