घर पाहावे विकून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्याने रचली त्याच्यावर घर विकण्याचा प्रसंग आला नसावा. नाही तर म्हणीला त्याने तिसरे शेपूट खचित जोडले असते. घर बांधताना माणूस फार तर पैशाने रिकामा होतो. पण विकायला काढले, की आपलेच घर परक्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. आणि हे काम भलतेच अवघड आहे.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, नांदूरघाट येथे आमचे वडिलार्जित घर आहे. आता ‘होते’ म्हणायला हवे. सात खणांचे माळवद, पुढे ढेलज, मधे अंगण आणि मागे परसात आड. वडील गेले, आई शहरात आमच्याकडे राहायला आली, आणि मी कॉलेजात मराठीचे तास घेता घेता दर पावसाळ्यात गावाकडच्या माळवदाची काळजी वाहू लागलो. अखेर दोघी बहिणी आणि मी एकत्र बसलो आणि घर विकायचे ठरले. गावातलेच गिऱ्हाईक पुढे आले. ‘दसरा झाला की मिस्त्रीला घेऊन घर बघायला येतो,’ असा त्यांचा निरोप आला मात्र, आमच्याकडे मुलगी दाखवायची असावी तशी धांदल उडाली.

आठ दिवस आधीच आम्ही गावी जाऊन पोहोचलो. पहिला मान माळवदाचा. तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, असे हे छप्पर उन्हाळ्यात थंडगार असते खरे. पण पावसाळ्यात त्यावर गवत माजते आणि त्याच्या मुळांवाटे पाणी आत शिरते. ते गवत उपटले, पांढऱ्या मातीचा नवा थर दिला, पन्हळींत अडकलेला पालापाचोळा काढला. मग हातोडी घेऊन एकेक तूळई वाजवून पाहिली. भरीव लाकूड खणखणीत बोलते. आतून वाळवीने खाल्लेले लाकूड भद्द आवाज करते. आमच्या तुळया सगळ्या बोलक्या निघाल्या. भिंतीतले बळद रिकामे केले, तेव्हा तळाशी मूठभर जोंधळे आणि आजीच्या वेळची एक चेपलेली अधोली सापडली. आईने ती मुकाट्याने पिशवीत टाकली.

कागदांचीही साफसफाई करावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वडिलांच्या पश्चात झालेली वारसनोंद, हे सारे एका दोऱ्यात बांधले. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा दोघी बहिणींच्या सह्यांवाचून खरेदीखत होणेच नव्हते. त्या दोघीही येऊन राहिल्या होत्या. घर पुन्हा भरले होते, आणि तेही विकण्यासाठी!

इथवर सारे ठीक चालले होते. पण उत्तरेच्या भिंतीपाशी आलो आणि गाडे अडले. त्या भिंतीला पोट सुटले होते. आमच्याकडच्या जुन्या दगडमातीच्या भिंती म्हणजे खरे तर दोन भिंती असतात: एक बाहेरची, एक आतली, आणि मधे माती-गोट्यांची भरती. दोहोंना आरपार बांधणारे लांब दगड अधूनमधून घातले नाहीत, तर भरतीत पाणी मुरते आणि एक थर दुसऱ्यापासून सुटू लागतो. आमचे नेमके तसेच झाले होते. गवंड्याने हात फिरवून पाहिला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, “सर, आतून-बाहेरून गिलावा मारून देतो. वरून चुन्याचे दोन हात. देव जरी आला बघायला, तरी वळखू येणार नाई!”

थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांना हे एकदम पटले. “विकणाऱ्यानं विकायचं, घेणाऱ्यानं पारखून घ्यायचं. मिस्त्री आणतोय ना तो?”

दाजींना कल्पना नव्हती, पण त्यांच्या तोंडून बाबिलोनचा डायोजेनीस बोलत होता. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात हाच वाद आहे. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुचके आहे, आणि हे धन्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. तर विकताना त्याने ते सांगावे काय? अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. डायोजेनीस म्हणतो, त्याने घे म्हणून बळजबरी थोडीच केली आहे? आपले मत सिसेरोने अँटिपेटरच्या बाजूने दिले. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही तेच सांगते: जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. आणि दिसणारा दोष आम्ही गिलावा मारून न दिसणारा करणार होतो!

पण तत्त्वज्ञान माझ्याच खिशापुरते असते, तर निर्णय सोपा होता. भिंत दाखवली, की किंमत उतरणार. आणि धाकटीच्या वाट्याच्या पैशांतून तिच्या मुलीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. माझा सिसेरो तिने का म्हणून पोसावा? मी गप्प राहिलो. धाकटीही बोलेना.

बोलली ती आई. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या पिढीतला कोणी मराठवाडी माणूस विसरणार नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि चारच्या सुमारास किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला. हजारो माणसे गेली. कितीतरी आपल्याच घराच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आम्हांलाही तेव्हा धक्का बसला होता. आईने आम्हां तिघांना झोपेतून ओढून अंगणात नेले, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही उघड्यावरच निजत होतो. ते सारे तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे. ती इतकेच म्हणाली, “त्या भिंतीच्या कडेला तुमचा तिघांचा पाळणा होता. उद्या त्यांच्या सुनेचा टांगतील. गिलावा करायचा तर करा, पण त्यांना सांगून करा.”

गवंडी चुन्याची पाटी घेऊन निघून गेला. दाजींनी सुपारी कातरली, थोडा वेळ चघळली आणि म्हणाले, “मग धाकटीच्या वाट्याला हात लावायचा नाही. काय कमी येईल ते आपण दोघं सोसू.” मघाचा डायोजेनीस तो हाच काय, असा मला प्रश्न पडला.

गिऱ्हाईक आले. चहा झाला. मिस्त्रीने पिशवीतून ओळंबा काढला, त्याआधीच मी त्यांना उत्तरेच्या भिंतीपाशी नेले आणि काय ते सांगितले. ते भिंतीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होते. मिस्त्रीने ओळंबा सोडला, मापे घेतली. ती भिंत पाडून नव्याने बांधण्याचा खर्च किमतीतून वजा झाला. रक्कम लहान नव्हती. पण त्यानंतर मौज अशी झाली, की पुढची तपासणी पाहता पाहता उरकली. तुळया त्यांनी दोनच वाजवल्या. “आड उन्हाळ्यात आटतो का?” “वैशाखात दोन परस पाणी राहतं.” त्यांनी मान हलवली, दोर सोडून पाहिला नाही. आठ दिवस खपून रंगवलेल्या ढेलजेकडे तर कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तिथे त्यांचा ट्रॅक्टर उभा राहील की नाही, एवढेच काय ते पायांनी मोजले गेले.

परदेशांत घर घेणारा मनुष्य फी देऊन तपासनीस आणतो आणि पानोपानी अहवाल लिहून घेतो, असे म्हणतात. आपल्याकडे अजून ओळंब्यावर आणि शब्दावर भागते. पण अहवाल असो की ओळंबा, घराची जन्मकुंडली जाणणारा एकच मनुष्य असतो, आणि तो विकणाराच असतो. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी गावाकडचे घर विकायला काढले असेल, तर माझे एवढे ऐका: चुना आणायला बाजारात जाण्याआधी शेजारच्या मिस्त्रीकडून ओळंबा मागून आणा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, पाळणा कुठे टांगला होता.