चढलं, पण बसलं नाही

आमची स्विफ्ट घेतली तेव्हा खिशाला व्हीएक्सआय मॉडेलच परवडलं. त्याला 14 इंची लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकचे व्हीलकॅप. शेजारच्या गाडीची अलॉय व्हील्स पार्किंगमध्ये रोज डोळ्यांत भरायची. चार वर्षं दम धरला. मग टायर झिजले आणि मनात आलं, आता टायर घ्यायचेच आहेत, तर... या ‘तर’नं माझे 52 हजार रुपये खाल्ले.

दुकानदारानं विचारलं, “चार नट, 100 पीसीडी ना? डोळे झाकून बसतंय.” नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार नटांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की तो कळतो. मला तेवढंच ठाऊक होतं आणि तेवढंच जुळत होतं. साडेसहा इंच रुंदीची 16 इंची काळी रिम, त्यावर 205/55चे टायर. गाडी अशी दिसायला लागली की दोन दिवस मी गॅलरीतून खाली बघत उभा राहायचो.

दिवाळीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो. सोसायटीच्या गतिरोधकावरच मागून ‘खर्र’ आवाज आला. आमचे अण्णा म्हणाले, “काहीतरी घासतंय रे.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खंबाटकी घाट उतरून मोकळा रस्ता लागला, काटा 80च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. वेग कमी केला की थांबायचं, वाढवला की पुन्हा सुरू.

साताऱ्याजवळ हायवेलगतच्या टायरवाल्याकडे थांबलो. त्यानं पुढची चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवली. दोष नाही. मग त्यानं एक चाक पुन्हा चढवलं, मधली टोपी काढली आणि कानावरची पेन्सिल हब आणि रिम यांच्यामधल्या फटीत आरपार घातली. “बघा वो साहेब. चाक चढलंय, पण बसलं न्हाई. नटांवर लोंबतंय.”

तिथं टोपीमागे माझी चूक उघडी पडली. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे ज्या मधल्या उंचवट्यावर रिमचं भोक बसतं त्याचा, व्यास 54.1 मिलिमीटर. बाजारातल्या रिमा अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात. माझ्या रिमांचं 73.1 होतं. उरलेली फट भरायला हब रिंग लागते, ती दुकानदारानं बसवलीच नव्हती. त्यामुळे चाक मध्यावर धरायचं काम एकट्या नटांवर आलं होतं, आणि एक नट आधी आवळला गेला तरी चाक केसभर सरकतं. मशीनवर ते निर्दोषच फिरणार, कारण मशीन त्याला मध्यावर धरतं.

घासण्याचं कारण वेगळं. रिम माझ्या जुन्या रिमेपेक्षा दीड इंच रुंद होती. त्यातली अर्धी वाढ, म्हणजे 19 मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला. शिवाय तिचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, 10 मिलिमीटरनं कमी, त्यामुळे चाक आणखी 10 मिलिमीटर बाहेर. जुन्या 165/80 आर 14 टायरची एकूण उंची सुमारे 620 मिलिमीटर, नव्याची 632. मागे तीन माणसं बसली की गाडी खाली दबायची आणि टायर मडगार्डच्या कडेला लागायचा.

त्या टायरवाल्यानं चाकं उचलून धरून नट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळून दिले. थरथर बरीच कमी झाली. आम्ही 70च्या वर न जाता कोल्हापूर गाठलं. परतल्यावर दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत नाही. तो सेट निम्म्या किमतीत विकला.

आता गाडीला 15 इंची, सहा इंच रुंदीची रिम आहे. ऑफसेट जुन्या रिमेइतकाच, हब रिंग बसवलेली. त्यावर 185/65 आर 15 टायर, उंची सुमारे 621 मिलिमीटर. हा साइझ कंपनी याच गाडीच्या वरच्या मॉडेलला देत होती. कंपनीचं पुस्तक आधी उघडलं असतं तर तिथंच सापडला असता. पहिल्या 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घेतले. पाच माणसं बसवून गतिरोधकावरून गेलो, आवाज नाही.

तुम्ही अलॉय घ्यायला जाल तेव्हा टायर चढवण्याआधी नुसती रिम हबवर लावून बघायला सांगा, आणि नट न लावता हलकेच हात सैल करा. हबवर घट्ट टेकून राहिली, तर मध्यावर बसली. मग रुंदी आणि ऑफसेट विचारा. खाली सरकून बोल्टांवर लोंबली, तर रिंग मागा. दुकानदाराकडे रिंग नसेल तर पैसे देऊ नका.